दानशूरांनो, संशोधनाला ग्रँट देताना एवढं सांभाळा

नागपुरात देणाऱ्यांची कमी नाही आणि किडनीच्या पेशंटांची तर नाहीच नाही. त्यामुळे प्रत्यारोपणाच्या संशोधनाला मदत करण्याची हुक्की तुम्हालाही कधीतरी येणार. यंदा एका कंपनीच्या फाउंडेशनला ती आली आणि आमची लॅब सापडली. त्या पुण्याईवर तुम्हाला चार सूचना करते. चाराच्या पाच झाल्या तर चालवून घ्या.

सर्वात आधी लाभार्थी विचारा. आम्हालाही फाउंडेशनच्या साहेबांनी विचारलं. "मॅडम, ह्याचा फायदा किती लोकाईले होईन, तेवढा आकडा सांगा ना." आमचं काम टॅक्रोलिमसवरचं. बसवलेली किडनी शरीरानं परकी समजून हाकलू नये म्हणून पेशंट ही गोळी किडनी चालते आहे तोवर घेतो. कमी पडली तर रिजेक्शन, जास्त झाली तर तीच गोळी किडनी खाते. कोणाला किती डोस लागेल हे बरंचसं 'सीवायपी-३ए५' नावाच्या जनुकावर असतं, आणि आपल्या विदर्भातल्या पेशंटांत त्याचं काय चित्र आहे ते आम्ही बघतोय. आता यात चालू आर्थिक वर्षातले लाभार्थी किती? शून्य! लिहून दिलं तसं. साहेबांचा चेहरा पडला.

बरोबरच होतं त्यांचं. १९५४ मध्ये बोस्टनला किडनी बसवली तेव्हा देणारा आणि घेणारा जुळे भाऊ होते म्हणून ती टिकली. जुळा भाऊ नसलेल्यांचं काय, हा प्रश्न पुढे कितीतरी वर्षं लोंबकळत होता. १९६९ मध्ये सँडोझ या औषध कंपनीचा एक माणूस सुटीवर नॉर्वेला गेला आणि तिथली माती घेऊन आला. त्या मातीतल्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन हे रिजेक्शन रोखणारं औषध निघालं, पण अमेरिकेत त्याला मंजुरी मिळायला १९८३ उजाडलं. मधल्या चौदा वर्षांत लाभार्थ्यांची यादी मागायला आपले साहेब तिथे नव्हते, हे जगाचं नशीब.

यंत्र द्या, चालवणाऱ्याचा पगार देऊ नका. पगारावर पाटी ठोकता येत नाही.

शक्य असेल तर संशोधन सोडून ग्रीन कॉरिडॉरलाच, म्हणजे अवयव नेणाऱ्या ॲम्ब्युलन्ससाठी रस्ता मोकळा करायच्या कामालाच पैसे द्या, त्यात सायरन असतो.

पैसे सोडायचेच झाले तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सोडा. जूनमध्ये मंजुरीपत्र, दिवाळीत सत्कार, मार्चअखेर पहिला हप्ता, आणि सोबत मेल: ३१ मार्चच्या आत खर्च दाखवा, युटिलायझेशन सर्टिफिकेटवर (पैसे कशावर खर्चले त्याच्या दाखल्यावर) सीएची सही हवी, उरलेले परत करा. तीन कोटेशनं मागवा, तुलना-तक्ता करा, ऑर्डर द्या, बिल आणा, सगळं आठवड्यात. बरं, आमचे किट काही गोदामात रचून ठेवायच्या सिमेंटच्या गोण्या नाहीत. एक्स्पायरी असते, उणे वीस अंशांत ठेवावे लागतात. वर्षभराचे किट एकदम घेतले तर निम्मे वापरायच्या आधीच बाद. आणि पुढ्यात नागपूरचा मे. पारा पंचेचाळीसवर, लाइट गेली की तंत्रज्ञ पोरगी फ्रीजरला पाठ लावून उभी, कोणी दार उघडू नये म्हणून. जनरेटरचं डिझेल बजेटमध्ये लिहिलं होतं. ते तुम्हीच लाल पेनानं कापलंत, 'अनुत्पादक खर्च' म्हणून. आणि हे ३१ मार्चचं भूत आलं कुठून? कंपन्यांच्या सामाजिक खर्चाचं, म्हणजे सीएसआरचं, जे कंपनी कायद्यातलं कलम १३५, त्यात चालू प्रकल्पाचे न खर्चलेले पैसे वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरायची चोख सोय आहे. चालू प्रकल्प म्हणून नोंद करायची, बास. तुमच्याच सीएसआर विभागाला ते वाचायला वेळ नाही, आणि पळापळ आम्ही करायची?

शेवटची सूचना फोटोची. रक्ताच्या नमुन्यांच्या नळ्या फोटोत भरत नाहीत, तेव्हा स्टेजवर एखादा पेशंट बोलवा. आम्ही सांगितलं, पेशंटची ओळख उघड करता येत नाही, एथिक्स कमिटी आहे. मग त्यांनी कुठूनतरी स्वतःच एक आणला. किडनी बसवून फार दिवस न झालेला मुलगा, खच्चून भरलेल्या हॉलमध्ये. रोगप्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते त्याची, गर्दीत जाऊ नको म्हणून डॉक्टर बजावतात. आणि फोटोग्राफर म्हणतो, "भाऊ, मास्क जरा खाली घे ना, चेहरा येऊन नाही राहिला." पोरानं घेतला खाली. गुलदस्त्याच्या ओल्या फुलांत नाक गेलं त्याचं. मागे दारात त्याची आई उभी होती, साहेबांसमोर बोलायची हिंमत नव्हती तिची.

लाज वाटायला हवी होती तुम्हाला. बॅनर, हॉल, जेवणं, ट्रॉफ्या यांत गेलेल्या पैशांत आमच्या तंत्रज्ञ पोरीचा पगार निघाला असता. वर 'नागपुरात संशोधन काही होत नाही बुवा' म्हणायला तुम्हीच पुढे! कसं होईल? दुसरा हप्ता तुमच्या टेबलावर पडलाय, कारण अहवालाला समारंभाचे मोठ्या साइजचे फोटो जोडलेले नाहीत. जोडणार नाही. त्या मुलाचा तर मुळीच नाही. अहवालात नमुन्यांचा तक्ता आहे, पान चार. तो वाचा आणि सही करा.