पाळण्याची वॉरंटी संपली म्हणून दाव्याचा हक्क संपत नाही

मुंबईतील पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतो आहे: पाळणा किंवा उंच खुर्ची मोडून बाळाला इजा झाली, तरी वॉरंटी संपली असल्यास भरपाई मिळत नाही, आणि दावा कंपनीच्या गावीच लावावा लागतो. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

वॉरंटी असते ती दुरुस्ती वा बदलीसाठी. सदोष वस्तूमुळे झालेल्या शारीरिक इजेची जबाबदारी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील कलम 82 ते 87 मध्ये स्वतंत्रपणे दिली असून, उत्पादनात किंवा रचनेत दोष असल्यास, तसेच पुरेशा सूचना वा इशारा दिला नसल्यास, उत्पादकाला जबाबदार धरता येते. विक्रेत्यालाही काही परिस्थितींत. बाळाच्या वतीने आईवडील तक्रार करू शकतात, तीही स्वतः राहतात त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात. मुदत मात्र साधारणपणे दोन वर्षांची आहे, आणि वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात फेरफार झाल्यास दावा लंगडा पडतो.

म्हणूनच दुकानदार कितीही गोड बोलला तरी मोडका पाळणा परत देऊ नये. निसटलेली खिटी, तुटलेला स्क्रू, लेबल, रुग्णालयाचा केसपेपर आणि पैसे दिल्याची नोंद जपावी. प्राथमिक मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आला असेल, तिथे हा खुलासा द्या.