‘आता लाईनमन कशाला?’ या मेसेजला उत्तर

आमच्या दर्यापूर तालुक्यात गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: ‘तारेवर चालणारा रोबोट आला. चालू लाईनवर इन्सुलेटर पाण्यानं धुतो. आता पहिल्या पावसात लाईट जाणार नाही, लाईनमनची भरतीही नको.’ (इन्सुलेटर म्हणजे तारेला धरून ठेवणारा, पण तिची वीज खांबात उतरू न देणारा भाग.) माझा मोठा भाऊ लाईनमन आहे. मला गप्प बसवत नाही.

रोबोट खरे आहेत. कॅनडात हायड्रो-क्विबेकचा ‘लाईनस्काउट’ 735 केव्हीच्या (किलोव्होल्ट) चालू तारेवरूनही फिरतो, पण तो तपासणी करतो, धूत नाही. इन्सुलेटर साफ करणारे रोबोट वेगळे. ते मोठ्या लाईनच्या टॉवरवर इन्सुलेटरच्या बशीसारख्या डिस्कची जी माळ लटकते, तिला धरून सरकतात. कोराडी-चंद्रपूरकडे औष्णिक केंद्रांची राख डिस्कवर बसते आणि हिवाळ्यातल्या दवानं ओली झाली की तिच्यातून वीज वाहू लागते. तिथं असं यंत्र यावं, जरूर यावं.

पाण्याचं म्हणाल, तर चालू लाईनवर मारायचं पाणी क्षार काढलेलं लागतं, कारण क्षाराच्या पाण्यातून वीज वाहते. जिथं जमिनीतलं पाणीच खारट, त्या आमच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला यापुढं काय सांगावं?

पण ‘पहिल्या पावसात लाईट जाणार नाही’ हे वाचून खरा संताप आला. गावात वीज येते 11 केव्हीच्या फिडरवरून, म्हणजे सबस्टेशनातून निघणाऱ्या लाईनवरून. त्या खांबांवर बहुतेक ठिकाणी चिनी मातीचे पिन इन्सुलेटर, खिळीवर उभे बसवलेले, एकेकटे. मे महिन्यात 45 अंशांत ते तापतात आणि मृगाची सर अंगावर पडली की तडकतात. तड्यातून वीज लोखंडी खांबात, खांबातून जमिनीत उतरते आणि सबस्टेशनात फिडर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. धुऊन लख्ख केलेला पिनही असाच तडकतो. शिवाय रोबोटनं धरून सरकावं अशी माळ पिनच्या खांबावर असतेच कुठं? तडा कधी केसाएवढा असतो, खालून दिसतही नाही. मग रात्री बॅटरी घेऊन, काळ्या मातीच्या चिखलातून, खांब न् खांब बघत भाऊ जातो.

आणि म्हणे भरती नको! इथं आहेत त्या माणसांनाही साधनं पुरत नाहीत. दोन वर्षांपूर्वी भावानं लाईन बंद ठेवून काम करायचं रीतसर परमिट घेतलं, फिडर बंद होता, तरी त्याला झटका बसला. कुणाच्या तरी जनरेटरचा करंट डीपीतून (गावच्या ट्रान्सफॉर्मरमधून) उलटा लाईनवर चढला होता. काम सुरू करण्याआधी तारा डिस्चार्ज रॉडनं अर्थ केल्या असत्या, म्हणजे त्या दांडीनं जमिनीला जोडल्या असत्या, तर हात भाजला नसता. रॉड एकच होता, आणि तो त्या दिवशी दुसऱ्या गावी गेलेला.