व्हर्जिनिया नेमका कशासाठी लढला?

संघराज्यातून फुटलेली दक्षिणेकडची राज्यं आणि उरलेलं संघराज्य यांच्यातल्या अमेरिकेच्या यादवी युद्धाला दीडशे वर्षं झाली, त्या निमित्ताने २०११ पासून व्हर्जिनिया राज्याने अठरा चाकी ट्रेलरमध्ये एक फिरतं संग्रहालय गावोगाव नेलं. त्यात लढायांच्या बरोबरीने गुलामांच्या सुटकेलाही जागा होती. अशा प्रदर्शनांवर एक ठरलेला आक्षेप असतो आणि समाजमाध्यमांवर तो सारखा फिरत असतो: ‘गुलामगिरी उगाच घुसडलीय. राष्ट्राध्यक्ष लिंकनने सैन्य मागितलं म्हणून व्हर्जिनिया फुटला, लढला तो राज्याच्या हक्कांसाठी. काळे लोकही दक्षिणेकडून हजारोंनी लढले आणि दक्षिणेचा सेनापती ली तर गुलामगिरीच्या विरोधातच होता.’

लिंकनच्या मागणीचा मुद्दा अर्धा खरा आहे. फुटायचं की नाही हे ठरवायला भरलेल्या व्हर्जिनियाच्या अधिवेशनाने ४ एप्रिल १८६१ ला फुटायला नकार दिला होता. १५ तारखेला लिंकनने फुटलेल्या राज्यांविरुद्ध ७५ हजार सैनिक मागितले आणि १७ तारखेला ८८ विरुद्ध ५५ मतांनी फुटायचं ठरलं. पण त्या ठरावात गाऱ्हाणं कुणावरच्या जुलमाचं आहे? ‘दक्षिणेकडील गुलामधारक राज्यांवरच्या’. शब्द त्यांचेच. याच अधिवेशनापुढे फेब्रुवारीत आधीच फुटलेल्या जॉर्जिया राज्याचा प्रतिनिधी हेन्री बेनिंग बोलून गेला होता. आम्ही का फुटलो, तर एरवी गुलामगिरी टिकणार नाही म्हणून, असं त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं. ऐकणाऱ्यांच्या राज्यात तेव्हा ४,९०,८६५ गुलाम होते, देशात सर्वांत जास्त. त्यांना बेनिंगचं बोलणं कळलं नसेल?

काळ्या सैनिकांचं लवकर आटपतं. दक्षिणेच्या काँग्रेसने, म्हणजे फुटलेल्या राज्यांच्या संसदेने, काळ्यांच्या भरतीला मंजुरी दिली मार्च १८६५ मध्ये, आणि ९ एप्रिलला ली शरण आला. त्याआधी खंदक खणायला, स्वयंपाकाला, गाड्या हाकायला गुलाम जुंपलेले होतेच. त्यांना सैनिक म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

लीने १८५६ च्या एका पत्रात गुलामगिरीला अनिष्ट म्हटलं, तेवढंच वाक्य पुढे ढकललं जातं. काळ्यांच्या सुधारणेसाठी ही कठोर शिस्त गरजेची आहे, हेही त्याच पत्रात आहे. १८५९ मध्ये त्याच्या ताब्यातला वेस्ली नॉरिस पळाला आणि पकडला गेला. लीने फटके जोरात मारायला सांगितले आणि नंतर पाठ मिठाच्या पाण्याने धुवायला लावली, असं नॉरिसने १८६६ मध्ये सांगितलं.

राहिले राज्याचे हक्क. २३ मे १८६१ ला व्हर्जिनियाच्या मतदारांनी फुटण्यावर शिक्का मारला. त्याच रात्री दक्षिणेच्या तोफखान्याच्या कामाला जुंपलेले तीन गुलाम, बेकर, मॅलरी आणि टाउनसेंड, होडीतून फोर्ट मनरोला पोचले. तो किल्ला संघराज्याच्या ताब्यात होता. दुसऱ्या दिवशी मालकाच्या वतीने एक अधिकारी पांढरं निशाण घेऊन हजर झाला आणि गुलाम परत मागू लागला. कुठल्या आधारावर? तर पळालेले गुलाम परत करण्याच्या १८५० च्या संघराज्याच्या कायद्याच्या! तुम्हीच परका देश म्हणवून घेताय, मग हा कायदा तुम्हाला कसा लागू, असं म्हणत किल्ल्याचा प्रमुख जनरल बटलरने त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं.