फ्रान्समध्ये कॅरव्हॅन नेताय? तो फॉरवर्ड आधी बाजूला ठेवा

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय: ‘फ्रान्स कॅरव्हॅन ट्रिप, एक सेंटही टोल न भरता!’ लिहिणाऱ्याचं नाव नाही, पण आत्मविश्वास दांडगा. परवा तो माझ्या मावसबहिणीने मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘ताई, आम्ही असंच करणार आहोत.’ तिच्या नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, घेतलीय. मागच्या सीटवर दोन लहान मुलं असणार. पोर्ट्समथहून नॉर्मंडीतल्या काँची (Caen) बोट ठरलीय. आधी नैऋत्येतला दोर्दोन्य हा प्रदेश, मग मियो गावावरून खाली समुद्रापर्यंत, असा बेत आहे. तिला फोनवर सांगितलंच, पण मेसेज अजून फिरतोच आहे, म्हणून इथे लिहितेय.

टोल टाळण्याला माझा विरोध नाही. ग्रामीण फ्रान्स बघायचा तर टोलच्या रस्त्यावरून तो दिसतच नाही. राग आहे तो या मेसेजमधल्या बेफिकिरीचा.

‘फोनच्या नकाशात “टोल टाळा” निवडा आणि निर्धास्त निघा. वेळ जवळपास तेवढाच लागतो.’

सगळ्यात घातक सल्ला हाच. मागे कॅरव्हॅन आहे हे फोनला माहीतच नसतं. तो साध्या गाडीचा रस्ता काढतो, आणि टोल टाळायला सांगितलंत की दोन मिनिटं वाचवण्यासाठी चांगल्या रस्त्यावरून उतरवून थेट शेतांमधल्या एकेरी वाटेवर घालतो. दोन्ही बाजूंना दगडी कुंपण, समोरून ट्रॅक्टर, आणि मागे घ्यायची तर कॅरव्हॅन स्टिअरिंगच्या उलट्या दिशेला वळते. सराव नसलेल्या माणसाने हे पहिल्याच दिवशी करायचं? बाजाराच्या दिवशी तर सकाळी गावचा चौकच बंद असतो आणि फोन तरीही चौकातूनच जा म्हणतो.

वेळ ‘तेवढाच’ ही तर शुद्ध थाप आहे. गावांबाहेरच्या दुतर्फी रस्त्यांवर, मध्ये दुभाजक नसेल तर, जुलै २०१८ पासून मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. काही जिल्ह्यांनी ती पुन्हा ९० केलीय, पण गाडी आणि कॅरव्हॅन मिळून नोंदलेलं कमाल वजन साडेतीन टनांच्या वर गेलं तर तुम्हाला ८०च. लाल कडेची गावाच्या नावाची पाटी आली की ५०. अशी गावं दिवसभर येत राहतात.

मेसेज पुढे म्हणतो, मियोच्या पुलाचाही टोल वाचवा, खालून गावातून ‘पाच मिनिटं जास्त’. हे लिहिणाऱ्याने ओझं मागे घेऊन तो घाट उतरलेला नाही, हे मी पैजेवर सांगते. क्लेरमाँ-फेराँ ते बेझिये हा ए-७५ साधारण ३४० किलोमीटरचा महामार्ग फुकट आहे. टोल आहे तो फक्त या पुलाचा. डिसेंबर २००४ मध्ये पूल सुरू झाला, तो बांधलाच मुळी मियो गावात उन्हाळाभर तुंबणाऱ्या रहदारीवर उपाय म्हणून. अडीच किलोमीटरचा पूल तार्न नदीचं खोरं एका दमात ओलांडतो. जुना रस्ता मात्र पठारावरून थेट नदीपर्यंत उतरतो आणि पलीकडे लार्झाकच्या पठारावर पुन्हा चढतो. भरलेली कॅरव्हॅन उतारावर गाडीला ढकलत असते. नवखा चालक ब्रेकवर पाय ठेवूनच उतरतो, ब्रेक तापतात, जळका वास येतो, आणि पुढच्या वळणावर पॅडल मऊ लागतं. खालच्या गिअरमध्ये उतरायचं हे मेसेजमध्ये एका शब्दाने नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पुलाचा टोल थोडा जास्त असतो, तरी तिथे तो भरा.

मग रस्ता ठरवायचा कसा? मिशेलाँचा (Michelin) कागदी नकाशा घ्या, १:२,००,००० प्रमाणाचा, त्या त्या प्रदेशाचा. लाल रस्ते मुख्य, पिवळे दुय्यम, पांढरे किरकोळ. कॅरव्हॅन घेऊन लाल आणि जाड पिवळ्यावर राहायचं, पांढऱ्यावर फक्त कॅम्पसाइटपर्यंतचा शेवटचा तुकडा. नकाशातल्या रस्त्यांवर छोटे बाण दिसतील, टोक चढाच्या दिशेला. एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून जास्त. दोन बाण दिसले की दुसरा रस्ता शोधा. रस्त्याला हिरवी कड असेल तर तो निसर्गरम्य. वाचून हुरळायला होतं, पण कॅरव्हॅनवाल्यासाठी हिरवी कड बहुतेकदा दरी आणि वळणंच दाखवते. तार्नच्या घळीतला सेंत-एनिमीच्या खालचा रस्ता असाच आहे. खडक डोक्यावर झुकलेला आणि समोरून पर्यटकांची बस. तो बघाच, पण कॅरव्हॅन कॅम्पसाइटवर ठेवून.

आणि गावाच्या वेशीवर ट्रकसाठी वेगळा बाण दिसला तर फोन काहीही म्हणो, तुम्ही ट्रकच्याच बाणाने जा.

‘ब्रिटनीत राणी अॅनच्या करारामुळे टोल नाही. असे फुकट रस्ते देशभर आहेत.’

यातलं अर्धं मान्य करावं लागतं. ब्रिटनीतले, म्हणजे फ्रान्सच्या वायव्य टोकाच्या प्रदेशातले, मोठे रस्ते खरंच विनाटोल आहेत. काँ ते रेन हा ए-८४ फुकट, पुढे रेन ते नाँत हा एन-१३७ फुकट. व्हिएरझाँ ते ब्रीव्ह हा ए-२० फुकट, पण ब्रीव्हच्या दक्षिणेला माँतोबाँपर्यंत त्याच ए-२० वर टोल आहे, आणि तेवढंच मेसेजमधून गळलंय. राणीचा करार मात्र दंतकथा आहे. ही अॅन ब्रिटनीची डचेस आणि फ्रान्सची राणी. ती वारली १५१४ मध्ये, ब्रिटनी फ्रान्सला कायमची जोडली गेली १५३२ मध्ये, आणि हे रस्ते १९६० च्या दशकाअखेर सरकारने कोपऱ्यातल्या प्रदेशाला बळ द्यावं म्हणून आखले.

माझ्या बहिणीसाठी सरळ रस्ता हा: काँहून आलाँसाँ, तिथून डी-३३८ ने ल माँ आणि तूर, मग शेर नदीच्या काठाकाठाने डी-९७६ ने व्हिएरझाँ, आणि पुढे ए-२० ने ब्रीव्ह. दोर्दोन्य तिथून हाकेच्या अंतरावर. एका दिवसात उरकायला जाऊ नका.

‘नाका दिसला नाही म्हणजे टोल नाही.’

दंड पदरात पाडून घ्यायचा असेल तर यावर विश्वास ठेवा. मध्य फ्रान्समधला मोंमारो ते दिग्वाँ हा पूर्वीचा फुकट रस्ता नोव्हेंबर २०२२ पासून ए-७९ झालाय आणि त्यावर टोल आहे, पण नाका नाही. कॅमेरे नंबरप्लेट वाचतात आणि पैसे तुम्ही आपणहून ७२ तासांत ऑनलाइन भरायचे असतात. नाही भरले तर दंड चढतो. नॉर्मंडी ते पॅरिस ए-१३ वरही आता हीच पद्धत आहे, म्हणजे काँला उतरून पॅरिसकडे वळणाऱ्याची गाठ पहिल्याच दिवशी पडते.

‘कॅरव्हॅनला ट्रकएवढा टोल लागतो.’

नाही. गाडीचं नोंदलेलं कमाल वजन साडेतीन टनांपर्यंत आणि एकूण उंची दोन ते तीन मीटरमध्ये असेल तर वर्ग दुसरा. ट्रकचे वर्ग त्याच्या पुढचे. यंत्राने चुकून तिसरा वर्ग लावला तर मदतीचं बटण दाबून ‘क्लास दू’ सांगा.

‘फ्रान्समध्ये कुठेही मुक्काम करा, कायद्याने मुभा आहे.’

हा मुद्दा वाचून माझा संयम सुटला, कारण इथे कायद्याचं अर्धंच वाक्य उचललंय. फ्रान्सच्या नगररचना संहितेचं कलम आर. १११-३२ म्हणतं की कॅम्पिंग मुक्तपणे करता येतं, पण रस्ते आणि सार्वजनिक वाटांच्या हद्दीबाहेर, आणि जमीन ज्याच्या वापरात आहे त्याच्या संमतीने. लगेच पुढचं कलम, आर. १११-३३, समुद्रकिनारे, संरक्षित स्थळं आणि पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून २०० मीटरच्या आतली जागा वगळतं. म्हणजे शेतकऱ्याच्या दारात जाऊन विचारलंत आणि तो हो म्हणाला तर ठीक. नदीकाठी छान जागा दिसली म्हणून मुलांना घेऊन तिथेच झोपलात तर नाही.

‘एर’ नावाच्या स्वस्त थांब्यांचा सल्लाही अर्धवट आहे. ते मोटरहोमसाठी, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या फिरत्या घरांसाठी असतात, कॅरव्हॅन बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. तुमच्यासाठी ‘काँपिंग म्युनिसिपाल’, म्हणजे गावच्या नगरपालिकेची कॅम्पसाइट. स्वस्त, स्वच्छ, पाववाला चालत जाता येईल इतक्या जवळ. दोन आसांची कॅरव्हॅन काही ठिकाणी नाकारतात, आधी विचारा.

‘तूप, पनीर, चिकन, सगळं घरून न्या.’

२०२१ पासून ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पनीर, पेढे सगळं त्यात आलं. ताजा कढीपत्ताही नको. चिवडा, चकली, डाळ-तांदूळ, मसाले खुशाल न्या. लोणी आणि दही फ्रान्समध्ये उत्तम मिळतं.

‘खेड्यातले रस्ते रिकामे असतात, मुख्य रस्त्यावरच्याला कोण अडवतं?’

उजवीकडून येणारा अडवतो, आणि हक्काने. काही खूण नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला प्राधान्य. बाजूच्या गल्लीतून म्हातारे आजोबा न थांबता गाडी पुढे काढतात, आणि बरोबर तेच असतात. पिवळा चौकोन टोकावर उभा दिसला तर हक्क तुमचा, त्यावर काळी तिरकी रेघ आली की संपला.

‘शनिवारी सकाळी लवकर निघा.’

ऑगस्टच्या सुरुवातीच्या शनिवारी सुट्टीवरून परतणारा आणि सुट्टीला निघणारा अर्धा फ्रान्स रस्त्यावर असतो. ‘बिझाँ फ्युते’ ही सरकारी सेवा १९७६ पासून हेच सांगत आलीय. तिच्या कॅलेंडरवर असे दिवस लाल किंवा काळे असतात, आणि ते कॅलेंडर ऑनलाइन फुकट आहे. शनिवारी बोट लागत असेल तर काँच्या आसपासच मुक्काम करा, डिझेल आणि किराणा त्याच दिवशी भरून घ्या, आणि रविवारी निघा. शनिवारी रात्री दहापासून रविवारी रात्री दहापर्यंत, काही अपवाद सोडले तर, अवजड ट्रकना रस्त्यावर बंदी असते.