पोरगं इकडे, पैसे तिकडे

इंग्लंडात सप्टेंबरात नर्सरी बदललेल्या एका साडेतीन वर्षांच्या अपंग पोराची खुर्ची. विषय एवढाच. पाठीला आधार, पायाखाली फळी, कमरेला पट्टा. ती नसेल तर पोर टेबलापाशी बसूच शकत नाही, घसरतं. नव्या नर्सरीने डीएएफचा (डिसॅबिलिटी ॲक्सेस फंड, अपंग मुलामागे नर्सरीला मिळणारे सरकारी पैसे) अर्ज टाकला, कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या महापालिकेकडून, दोन ओळींचं उत्तर आलं: या मुलाचे या वर्षाचे पैसे देऊन झाले आहेत. कुणाला? जुन्या नर्सरीला, मे महिन्यात. रोख ९३८ पौंड. त्यातून तिथे रंगीत बुडबुडे सोडणारा दिव्याचा खांब आला. खांब तिथेच आहे, लुकलुकतोय. पोर इथे चटईवर.

आणि यात नियमाबाहेर कुणीच काही केलेलं नाही, डोकं फिरतं ते त्यानेच! डीएएफ एका मुलामागे वर्षातून एकदा, एकरकमी, एकाच नर्सरीला. मूल मध्येच हललं तर नव्या जागेला दमडी नाही, जुनीकडून वसुलीही नाही. वर्ष कुठलं, तर सरकारी, एप्रिल ते मार्च. आता मला सांगा, इंग्लंडात मुलं नर्सरी कधी बदलतात? अख्ख्या देशाची शाळा सप्टेंबरात भरते, आणि अपंग पोराचे पैसे तेवढे पाडव्याचा मुहूर्त धरून बसलेले. म्हणजे मार्चपर्यंत सात महिने कोरडे. एप्रिलात नवा अर्ज, पैसे हाती पडेस्तोवर उन्हाळा, खुर्ची मागवा, ती येईपर्यंत पोर रिसेप्शनला, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गात. रिसेप्शनच्या वर्गाला डीएएफ नाहीच. झालं, टाळ्या!

बरं, हे ९३८, २०२५-२६ चा दर, म्हणजे तरी कुबेराचं धन होतं का? त्याच वर्षीच्या ताशी १२.२१ पौंड किमान वेतनाने भागून बघा, साधारण ७७ तास येतात. नर्सरीच्या वर्षातल्या ३८ आठवड्यांत वाटले की आठवड्याला दोन तास एक जादा माणूस. पोर येतं १५ तास. उरलेल्या १३ तासांत त्याने अपंगत्व घरी ठेवून यायचं असावं. २०१७ साली ही रक्कम ६१५ होती, तेव्हा ‘वाढवली की’ हेही ऐकून घ्या.

आणि त्याआधी डीएलए (डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स, अपंग मुलासाठी घरच्यांना मिळणारा सरकारी भत्ता). तो मंजूर नसेल तर डीएएफचं नावच काढायचं नाही. चाळीसेक पानांचा फॉर्म, रात्री किती वेळा उठावं लागतं, दर वेळी किती मिनिटं जातात, सगळं लिहा. आपल्याकडच्या आया तिथेही पोराची लाज राखतात: ‘तसा तो सगळं करतो, फक्त थोडी मदत लागते.’ गेला अर्ज! ‘थोडी’ म्हणजे किती ते मिनिटांत लिहा, त्याच वयाच्या दुसऱ्या मुलापेक्षा किती जास्त करावं लागतं ते लिहा. डॉक्टरचं निदान हातात असलंच पाहिजे असं नाही, त्रास तीन महिने झालेला हवा आणि पुढे सहा महिने राहणारा हवा. फॉर्म छापून घेऊ नका, फोन करून मागवा. सहा आठवड्यांत परत पाठवला तर दावा फोनच्या तारखेपासून धरतात. छापून पाठवलात तर त्यांना पोचेल त्या दिवसापासून. हे वेबसाइटवर आहे, पण कोण वाचतं?

व्हिसावर ‘नो रिकोर्स’चा, म्हणजे सरकारी भत्ते मिळणार नाहीत असा, शिक्का असेल तर डीएलए नाही, म्हणून डीएएफही नाही. कर मात्र दर महिन्याला कापून. अशांनी नर्सरीच्या सेन्कोकडे (खास गरजांच्या मुलांचं बघणारी तिथली शिक्षिका) इन्क्लुजन फंडाचं (सेनिफ, अशा मुलांच्या जादा मदतीचे कौन्सिलचे पैसे) विचारावं, त्याला सहसा डीएलएची अट नसते. पण सेन्को आपणहून सांगेल ही आशा सोडा. ती आधी म्हणणार, ‘घरी दोन भाषा ना, म्हणून बोलत नाही. थांबून बघू.’ दोन भाषांनी बोलणं खुंटत नाही हे किती वर्षं सांगायचं? आणि इकडे आजी फोनवर, ‘त्याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता.’ दोन्ही बाजूंनी थांबून बघा!

संक्षेपांचा तर वीट आलाय. डीएएफ, डीएलए, ईवायपीपी, सेनिफ. साध्या भाषेत बोलायला काय जातं यांच्या बापाचं? ...हं. वर चार परिच्छेदांत मीच दुसरं काय बोलतोय? कंसात एकदा अर्थ टाकला की पुढे नुसती अक्षरं. कौन्सिलात नोकरी मिळायला हरकत नाही.

असो. ईवायपीपी राहिला (अर्ली इयर्स प्युपिल प्रीमियम, हाही नर्सरीलाच मिळतो). गरीब घरच्या पोरामागे २०२५-२६ ला तासाला एक पौंड होता, वर्षाला जास्तीत जास्त ५७०. पोर ३० तास येत असलं तरी पैसे १५ तासांचेच. तेच पोर प्राथमिक शाळेत गेलं की त्याच वर्षीच्या दराने १,५१५. युनिव्हर्सल क्रेडिटवर (कमी कमाईच्या घरांचा सरकारी भत्ता) असाल तर यासाठी कमाईची मर्यादा वर्षाला ७,४०० पौंड, २०१८ पासून तीच. दुधाचा भाव तोच राहिलाय का? आणि नर्सरीच्या फॉर्मवर आडनाव तेच लिहा जे बेनिफिटच्या नोंदीत आहे. एका ठिकाणी माहेरचं, दुसरीकडे सासरचं, तिसरीकडे नवऱ्याचं नावच आडनावाच्या जागी, असलं आपलं त्रांगडं संगणकाला झेपत नाही. तो ‘नोंद सापडली नाही’ म्हणतो, नर्सरी ‘तुम्ही पात्र नाही’ म्हणते, आणि आपण मान डोलावून घरी येतो.

तर सप्टेंबरात पोराला हलवायचं असेल तर आधी नर्सरीला लेखी विचारा, यंदाचा डीएएफ उचलला का आणि कशावर घातला. अजून उचलला नसेल तर नव्या नर्सरीचं नाव देता येतं. उचलला असेल तर खुर्ची, फळी, चित्रांची कार्डं, जे गाडीत मावेल ते मागून बघा. द्यायचं बंधन त्यांच्यावर नाही, पण मागायला लाजू नका. खांब तेवढा राहू द्या त्यांच्याकडे.