पुलासाठी कर्ज काढा, पण वेळेत काढा

ऋण काढून सण करू नये, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं. त्यामुळे इथे अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात, मराठी मंडळींत बॉण्डिंग बिलाचा (म्हणजे पूल, पाण्याच्या टाक्या अशा राज्यभरच्या कामांसाठी रोखे विकून एकत्र कर्ज काढण्याच्या विधेयकाचा) विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "राज्याने कर्ज काढून शहराचे पूल का बांधायचे? टॅक्स काय कमी घेतात?"

मला हे पटत नाही. पूल म्हणजे सण नव्हे. तो पाऊणशे वर्षं वापरायचा, मग सगळे पैसे आजच्याच करदात्याने का मोजायचे? शिवाय राज्याचे हे रोखे २० वर्षांत फेडावेच लागतात.

माझी तक्रार वेगळी आहे. राज्याची राजधानी सेंट पॉल, तिथला केलॉग-थर्ड स्ट्रीट पूल घ्या. १९८२ चा, म्हणजे पुलांच्या हिशेबात तसा तरुणच. २०१४ मध्ये इंजिनिअरांनी आकडेमोड पुन्हा केली, तेव्हा कळलं की खांबांच्या माथ्यावरून दोन्हीकडे बाहेर आलेले काँक्रीटचे हात कडेच्या लेनचा भार पेलायला पुरेसे नाहीत. झालं, कडेच्या लेन बंद, सगळी वाहतूक मधून. धडधाकट दिसणारा रस्ता वर्षानुवर्षं रिकामा. नव्या पुलाचा खर्च एकट्या शहराला झेपणारा नव्हता. राज्याने ५.२ कोटी डॉलर दिले ते २०२० च्या ऑक्टोबरात, पाचव्या विशेष अधिवेशनात!

कारण कर्जाच्या विधेयकाला दोन्ही सभागृहांत ६० टक्के मतं लागतात. विरोधकांशिवाय पान हलत नाही. त्या वर्षी भांडण होतं गव्हर्नरच्या कोविड काळातल्या आणीबाणीच्या अधिकारांवरून, आणि ओलीस कोण, तर पूल. ज्या राज्यात १ ऑगस्ट २००७ ला आय-३५डब्ल्यू महामार्गाचा पूल मिसिसिपीत कोसळून १३ माणसं गेली, तिथे ही तऱ्हा.

(मुंबईकरांनी हसू नये. अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग रुळांवर पडला जुलै २०१८ मध्ये, पूल बंद झाला नोव्हेंबर २०२२ मध्ये. महापालिकेच्या ठेवी हजारो कोटींच्या, म्हणजे पैशावाचून नक्कीच अडलं नव्हतं.)

माझं म्हणणं एवढंच, की तपासणीत धोकादायक ठरलेल्या पुलांचं विधेयक वेगळं आणा. इंजिनिअरांनी लावलेल्या क्रमानेच पैसे द्या. खेड्यातला आमदार म्हणेल, माझ्या गावच्या पाण्याच्या टाकीचं काय? खरंय, सगळ्यांची मोट बांधल्याशिवाय ६० टक्के जमत नाहीत. पण धोकादायक पूल त्याच्याही मतदारसंघात असतीलच, ते यादीत येतील. आणि ज्याला अडवायचंय त्याने आपल्या पुलाचं नाव घेऊन, सभागृहात उभं राहून नाही म्हणावं.