कळेल असं बोलू नका

तुम्हाला भाषणाचं बोलावणं आलं आहे. अभिनंदन. आता पहिलं काम हे करा: तुम्हाला नेमकं काय सांगायचं आहे, ते एका ओळीत लिहून काढा. लिहिलंत? आता तो कागद फाडा. तुकडे बारीक करा. ही ओळ श्रोत्यांच्या हाती लागली, तर तुमचं काही खरं नाही.

समजा तुमची ओळ आहे, 'जिन्याचं दार बंद ठेवा.' (मध्यंतरी मी इमारतींमधल्या आगीवर बोललो तेव्हा माझी हीच होती, म्हणून तीच घेतो.) चार शब्द. म्हणायला दोन सेकंद. तुम्हाला दिलेला वेळ ४५ मिनिटं. उरलेल्या ४४ मिनिटं ५८ सेकंदांत तुम्ही काय करणार आहात? पण वेळेचं सोडा, तो कसाही जातो. खरी पंचाईत अशी की हे वाक्य सगळ्यांना कळतं. आणि कळलेल्या वाक्याला माणूस प्रश्न विचारतो. 'का बंद ठेवायचं?' असं विचारतो. 'मग तुमच्या इमारतीत उघडं का असतं?' असंही विचारतो. एखादा तर सरळ म्हणतो, 'हे आम्हाला माहीत होतं की!' सोपं बोलणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

त्याऐवजी हे म्हणून बघा: 'बहुमजली इमारतींतील अग्निसुरक्षेच्या परिप्रेक्ष्यात ऊर्ध्वगामी संचारमार्गांच्या प्रवेशबिंदूंचं सर्वंकष व्यवस्थापन ही आज काळाची गरज आहे.' विचारा आता काय विचारता ते. उद्या कुणी तुम्हाला गाठून 'काल तुम्ही असं म्हणालात' असं सुनावणार नाही, कारण काल तुम्ही काय म्हणालात ते कुणालाच ठाऊक नाही. तुम्हालाही नाही. ही मोठी सोय आहे. 'काळाची गरज' हा शब्दप्रयोग तर मी कायम खिशात ठेवतो. काळाने आजवर कधीही तक्रार केलेली नाही.

सुरुवात कशी करावी याबद्दल नवे वक्ते फार काळजी करतात. करू नका. नमनाला घडाभर तेल हे आपल्याकडे उगाच टोमणा म्हणून वापरतात, खरं तर तो पक्का सल्ला आहे. व्यासपीठावरच्या प्रत्येकाचं नाव घ्या, एखाद्याचं राहिलं तर 'अनवधानाने' असं म्हणून पुन्हा पहिल्यापासून घ्या. मग एक वाक्य मात्र हमखास म्हणा: 'मी आपला फार वेळ घेणार नाही.' या वाक्याने लोक पाय मोकळे सोडून बसतात आणि मग त्यांना उठता येत नाही. २६ सप्टेंबर १९६० रोजी क्यूबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत बोलायला उभे राहिले. लांब बोलण्याबद्दल आमची ख्याती आहे खरी, पण काळजी नको, आम्ही थोडक्यात बोलायचा प्रयत्न करू, अशा अर्थाचं आश्वासन त्यांनी सुरुवातीलाच दिलं. पुढे ते ४ तास २९ मिनिटं बोलले. आपण मर्त्य माणसं, आपल्याला एवढं जमणार नाही. पण आश्वासन तर देता येईल!

मध्येच चिठ्ठी येईल. चिठ्ठी आली की वाचा, प्रसन्न चेहऱ्याने मान डोलवा, जणू कुणीतरी तुमच्या आवडत्या मुद्द्याची फर्माईश केली आहे, आणि ती घडी घालून खिशात ठेवा. दुसरी चिठ्ठी आली तर 'जाता जाता एकच मुद्दा' असं म्हणा. जाता जाता या वाटेवर हवे तेवढे थांबे घेता येतात.

आता मुख्य भाग. तुम्हाला वाटेल, असलं काहीही न सांगणारं बोलणं लोक ओळखत असतील. इथे मी तुम्हाला आपल्या पंथाच्या मूळपुरुषाची ओळख करून देतो. डॉ. मायरन फॉक्स. १९७० साली अमेरिकेत त्यांनी वैद्यकीय शिक्षणाशी संबंधित तज्ज्ञांपुढे एक व्याख्यान दिलं. विषय, डॉक्टरांच्या शिक्षणात गणिती गेम थिअरीचा वापर. श्रोत्यांत मानसोपचारतज्ज्ञ होते, मानसशास्त्रज्ञ होते. नंतर ध्वनिचित्रफितीवरून हेच व्याख्यान आणखी दोन गटांना दाखवलं गेलं. बहुतेकांनी अभिप्राय चांगले दिले. विचारांना चालना मिळाली, मांडणी नेटकी होती वगैरे. एकाने तर आपण डॉ. फॉक्स यांचं लेखन आधी वाचलं असल्याचं सांगितलं. फक्त डॉ. फॉक्स नावाचे कुणी डॉक्टर नव्हतेच. तो एक नट होता. त्याला विषयाचा गंध नव्हता, आणि परस्परविरोधी विधानं, मनाने बनवलेले शब्द, असंबद्ध वाक्यं हे सगळं उबदार आवाजात, मिश्कीलपणे बोलायचं अशी त्याची तालीम करून घेतली होती. संशोधकांनी हे सगळं १९७३ साली प्रसिद्ध केलं. काही लोक हा प्रयोग इशारा म्हणून सांगतात. मी पाठ्यक्रम म्हणून सांगतो.

विघ्नसंतोषी लोक सगळीकडे असतात. डॅनियल ओपनहायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००६ साली एक निबंध छापला. त्याचं म्हणणं, साध्या शब्दांच्या जागी उगाच अवघड शब्द घातले की वाचणाऱ्याला लिहिणारा अधिक नव्हे, उलट कमी हुशार वाटतो. या कामाला त्याच वर्षी साहित्याचा इग्नोबेल, म्हणजे हसू आणणाऱ्या संशोधनाला दिला जाणारा नोबेलचा गमतीदार भाऊ, मिळाला, म्हणजे हसून सोडून द्यायची सोय झालेली आहे. तुम्हीही हसा. शिवाय तो लिहिण्याबद्दल बोलत होता. वाचणारा मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचू शकतो. ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. एक वाक्य निसटलं की तो ते शोधत बसतो, तेवढ्यात पुढची तीन जातात, आणि मग तो शहाणा माणूस शोधणं सोडून छताकडे बघू लागतो. छताकडे बघणारा श्रोता वाद घालत नाही.

आणि कुणी म्हणालंच की तुमचं काही कळलं नाही, तर मनापासून आश्चर्य वाटून घ्या. यासाठी अभिनय लागत नाही, ते आपोआप वाटतं. स्टॅनफर्डमध्ये १९९० साली एलिझाबेथ न्यूटन हिने एक खेळ मांडला होता. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखली जातील. १२० गाण्यांपैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात वाद्यांसकट पूर्ण गाणं चालू असतं. समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते. आता यावर एक हितोपदेशी उपाय सांगितला जातो, की भाषण आधी विषयाबाहेरच्या एखाद्याला ऐकवा आणि 'तुला काय कळलं?' असं विचारा. कृपा करून हे करू नका. मी एकदा केलं होतं. उत्तर ऐकून दोन दिवस जेवण गेलं नाही.

(आता कुणीतरी लिंकनच्या गेटिसबर्गच्या भाषणाचं उदाहरण देईल. २७२ शब्द, दोन-तीन मिनिटं, इत्यादी. त्यांना विचारा, त्याच दिवशी लिंकनच्या आधी दोन तास बोललेले एडवर्ड एव्हरेट किती अभ्यास करून आले होते ते माहीत आहे का? त्यांनीच दुसऱ्या दिवशी लिंकनला पत्र लिहून, आपल्याला दोन तासांत जे जमलं नाही ते तुम्ही दोन मिनिटांत केलंत अशा अर्थाची कबुली दिली, हे मात्र सांगत बसू नका.)

स्लाइडींविषयी थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण मुद्दा लपवायला याहून चांगली जागा अजून निघालेली नाही. तोंडाने बोललेलं निदान चुकून ऐकू तरी जातं. स्लाइडीवर मुद्दा डोळ्यांसमोर ठेवून लपवता येतो. जानेवारी २००३ मध्ये नासाच्या कोलंबिया या अंतराळयानाच्या उड्डाणानंतर सव्वा मिनिटाच्या आसपास बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अजून अंतराळातच होतं. धोका किती, हे अभियंत्यांनी स्लाइडींवर मांडलं. त्यातल्या एका स्लाइडीचं शीर्षक दिलासा देणारं होतं: चाचण्यांच्या माहितीवरून आपले अंदाज सुरक्षित बाजूलाच झुकलेले दिसतात, अशा अर्थाचं. त्याखाली मुद्दे, मुद्द्यांखाली उपमुद्दे, त्यांखाली आणखी उपमुद्दे. 'लक्षणीय' या अर्थाचा शब्द एकाच स्लाइडीवर पाच वेळा, निरनिराळ्या अर्थांनी. आणि अगदी तळाशी, सगळ्यांत बारीक अक्षरांत, आदळलेला तुकडा १९२० घनइंचांचा, चाचणीतला ३ घनइंचांचा.

म्हणजे आपण जे तपासलं त्याच्या ६४० पट मोठं काहीतरी आदळलं आहे, तेव्हा आपल्याला काहीच ठाऊक नाही. एवढंच वाक्य. ते कुणी लपवलं नव्हतं. ते तिथेच होतं, तळाशी. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं, सातही जण गेले. ही स्लाइड वाचून हा जिवावरचा प्रश्न आहे हे एखाद्या वरिष्ठाच्या लक्षात आलं नसेल तर नवल नाही, असं चौकशी मंडळाने त्या वर्षीच्या अहवालात लिहिलं.

इथे मला उपरोध फारसा सुचत नाही. पुढे जाऊ.

हे सगळे नियम मी स्वतः कसोशीने पाळतो, तरी एकदा घात झालाच. त्या आगीच्या भाषणाची गोष्ट. सभागृह तिसऱ्या मजल्यावर, माणसं भरपूर, उकाडा मरणाचा. जिन्याकडचं दार जाडजूड, सोडलं की आपोआप बंद होणारं. म्हणून कुणीतरी त्याला लोखंडी घडीची खुर्ची लावून ते उघडं ठेवलं होतं. येणारा प्रत्येक जण त्या खुर्चीला वळसा घालून आत येत होता. मीही तसाच आलो.

माझ्या ६२ स्लाइडी होत्या. विसाव्या मिनिटाला मी 'ज्वलन : संकल्पना, स्वरूप व व्याप्ती' इथवर पोचलो होतो आणि सगळं छान चाललं होतं. पुढच्या रांगेतले दोघं छताकडे बघू लागले होते. तेवढ्यात रिमोट बंद पडला. मी दाबतोय, दाबतोय, स्लाइड तीच. सभागृहात शांतता पसरली. शांततेत वक्ता घाबरतो, आणि घाबरला की भलतंच खरं बोलून जातो. माझ्या तोंडून गेलं, "म्हणजे कसं, खाली आग लागली आणि जिन्याचं दार उघडं राहिलं, तर धूर जिन्यातून वर चढतो. पळायची वाट तीच, आणि धूर तिच्यातच. म्हणून दार बंद ठेवा."

बोललो आणि जीभ चावली. सुदैवाने रिमोट चालू झाला आणि मी लगेच व्याप्तीकडे वळलो.

पण मागे, यंत्राच्या टेबलाशी बसलेला माईकवाला उठला. कानावरचा हेडफोन गळ्यात घेतला. जिन्याच्या दारापाशी गेला, खुर्ची उचलली, घडी केली, भिंतीला टेकवली. दार आपल्या वजनाने आलं आणि खट् करून लागलं. अर्ध्या माना मागे वळल्या. माझी लय गेली ती गेलीच. पुढच्या ४० स्लाइडी मी कशाबशा ओढल्या.

नंतर तो माझ्या कॉलरचा माईक काढायला आला. वायर शर्टातून ओढता ओढता म्हणाला, "सर, ते दाराचं सांगितलंत ते बरं झालं. ती खुर्ची मीच लावतो रोज."

मी हसलो. तो वायर गुंडाळत राहिला. मग जरा थांबून, अगदी भाबडेपणाने, "बाकी सगळ्यात पण तेच होतं ना?"

मी घड्याळाकडे बघितलं आणि गाडी थांबली आहे असं सांगून निघालो.

आयोजकांनी आठवडाभराने अभिप्रायाचे कागद पाठवले. ते मी जपून ठेवले आहेत, कुणाला शंका असेल तर दाखवीन. 'अभ्यासपूर्ण', 'विषयाचा आवाका थक्क करणारा', 'स्लाइडी मिळतील का?' एकाने माझी पुस्तकं कुठे मिळतात असं विचारलं आहे. मी एकही लिहिलेलं नाही. आणि एका कागदावर, सुवाच्य, मुद्दाम ठळक केलेल्या अक्षरांत: 'व्याख्यान उत्तम. परंतु मध्येच कोणीतरी दार लावून घेतल्यामुळे फार उकडले. पुढील वेळी दार उघडे राहील अशी व्यवस्था करावी.'